‘काही अपडेट?’ : एक्सझेडच्या चोरदरवाज्याचं प्रकरण

एप्रिल २०२२ मध्ये जिगर कुमार नावाच्या कोणीतरी एक तक्रार केली. या प्रकल्पाकडे पाठवलेले पॅच, म्हणजे कोडमधले सुचवलेले बदल, वर्षानुवर्षं पडून राहतात, लवकर काही हालचाल होईल असं वाटत नाही, एवढंच. महिन्याभराने त्याने पुन्हा लिहिलं, की महिना उलटला तरी पॅच होता तिथेच आहे आणि आपल्याला त्याचं नवलही वाटत नाही. जूनमध्ये सूर चढला. नवा मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, आल्याशिवाय गाडी पुढे सरकायची नाही. आत्ताच्या मेंटेनरला एक तर रस उरलेला नाही किंवा फिकीर.

हे ज्याला उद्देशून होतं तो फिनलंडमधला लासे कॉलिन. प्रकल्प एक्सझेड युटिल्स, ज्यात २०२४ मध्ये सर्व्हरमध्ये शिरायचा चोरदरवाजा लपवलेला सापडला. आयटीत दोन-चार वर्षं काढलेल्या कोणालाही ही भाषा अनोळखी वाटणार नाही. दुपारी चारला ‘एनी अपडेट?’ आणि पाचला ‘जेंटल रिमाइंडर’ पाठवणारी आपली जात. मी स्वतः एका फुकट वापरत असलेल्या लायब्ररीच्या बगखाली, कधीही एक ओळ कोड न देता, ‘हे अजून का सुटलं नाही?’ असं लिहिलेलं आहे. ते वाचून समोरच्याला काय वाटलं असेल याचा विचार मी एक्सझेड प्रकरण वाचेपर्यंत केला नव्हता.

या प्रकरणाबद्दल तांत्रिक अंगाने भरपूर लिहून झालं आहे. अर्ध्या सेकंदाच्या उशिरावरून जगाचे सर्व्हर कसे वाचले, ही गोष्ट आता जवळपास दंतकथा झाली आहे. मला मात्र या प्रकरणातलं सगळ्यात धारदार हत्यार त्या तक्रारींच्या मेलांमध्ये दिसतं. ते कोडमध्ये नव्हतं. म्हणून हा अभ्यास तिथून सुरू केला आहे.

कोणाचा प्रकल्प, कोणाच्या जिवावर

एक्सझेड ही फाइल लहान करण्याची पद्धत. सेव्हन-झिपमध्ये वापरलेल्या एलझेडएमए या तंत्रावर ती उभी आहे. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, कोड डाउनलोड करायला गेलात तर तो एक्सझेडमध्ये बांधलेला मिळतो. डेबियन या लिनक्सच्या वितरणाची, म्हणजे वापरायला तयार बांधून दिलेल्या लिनक्सची, पॅकेजंही वर्षानुवर्षं याच पद्धतीने बांधली गेली. या कामाची लायब्ररी, लिबएलझेडएमए, जवळजवळ प्रत्येक लिनक्स मशीनवर असते. नळाच्या आतल्या वायसरसारखी: असते हे कोणाला माहीत नसतं आणि नसली तर घरभर पाणी.

ही लायब्ररी लासे २००९ च्या आसपासपासून सांभाळत होता. जवळजवळ एकट्याने, नोकरी म्हणून नाही, पैसे घेऊन नाही.

८ जून २०२२ ला त्याने जिगर कुमारला उत्तर दिलं. त्याचा आशय असा: माझा रस संपलेला नाही, पण दीर्घकाळ चाललेल्या मानसिक आरोग्याच्या त्रासामुळे आणि आणखी काही कारणांनी लक्ष देण्याची माझी ताकद बरीच कमी झाली आहे, अलीकडे जिया टॅन (पॅच पाठवणारा एक मदतनीस) मेलिंग लिस्टबाहेर माझ्याबरोबर थोडं काम करतो आहे, कदाचित पुढे त्याची भूमिका मोठी होईल, आणि हा विनामोबदला चालवलेला छंदाचा प्रकल्प आहे हेही ध्यानात ठेवलेलं बरं.

इतकं प्रामाणिक उत्तर जाहीरपणे देणारी माणसं थोडी. पुढे काय झालं ते पाहा. डेनिस एन्स नावाच्या आणखी एकाने, जो मेपासून एक्सझेडच्या जावा आवृत्तीचं काय झालं म्हणून विचारत होता, उत्तर दिलं. तब्येतीबद्दल वाईट वाटलं असं म्हणून त्याने लगेच सुचवलं, की माणसाने स्वतःच्या मर्यादा ओळखाव्यात, मग एखादा प्रकल्प दुसऱ्याकडे का सोपवत नाहीस? शब्द सौम्य, पण केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. दुसऱ्याच दिवशी जिगर कुमार परत हजर, या वेळी थेट जिया टॅनला उद्देशून: तुझे बदल तर आत जाताना दिसतात, मग हा पॅच तूच का घालत नाहीस?

जूनच्या अखेरीस लासेने लिहिलं, की जिया टॅन व्यवहारात आधीच सह-मेंटेनर झाल्यासारखा आहे.

जिगर कुमार आणि डेनिस एन्स ही नावं त्यानंतर विरून गेली. इंटरनेटवर इतरत्र त्यांचा माग नाही, ईमेल पत्ते याच कामापुरते बनवल्यासारखे. प्रकरण फुटल्यावर तपासणाऱ्या बहुतेकांचा दाट संशय हाच, की दाब टाकणारे आणि मदतीला आलेला हे सगळे एकाच पक्षाचे. एक दरडावतो आणि दुसरा चहा विचारतो, ही पोलीस चौकीतली जुनी जोडी. जिगर हे नाव वाचून आपल्याकडच्या वाचकाला सुरत-अहमदाबादकडचा कोणी इंजिनिअर डोळ्यांसमोर येतो. नाव निवडणाऱ्यालाही तेच हवं असणार: तक्रार करणारे भारतीय डेव्हलपर इतके आहेत, की आणखी एकाकडे कोण वळून बघणार!

गुणी कार्यकर्ता

जिया टॅनचं गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरचं खातं जानेवारी २०२१ मधलं. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात त्याने एक्सझेडला पहिला पॅच पाठवला, अगदी किरकोळ. नोव्हेंबरात लिबआर्काइव्ह या दुसऱ्या प्रकल्पात त्याने एक बदल घुसवला, ज्यात मजकूर छापण्याची सुरक्षित पद्धत काढून साधी, धोक्याची पद्धत आली. तो बदल सहज स्वीकारला गेला आणि २०२४ मध्ये सगळं उघड झाल्यावरच उलटवला गेला. ती चाचपणी होती की काय, कोण जाणे.

एक्सझेडमध्ये मात्र त्याने दोन वर्षं खरं काम केलं. बग सोडवले, चाचण्या लिहिल्या, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. मार्च २०२३ मध्ये ५.४.२ ही आवृत्ती त्याने स्वतः प्रसिद्ध केली. याच सुमारास गूगलच्या ओएसएस-फझ या स्वयंचलित तपासणी सेवेत एक्सझेडसाठीचा मुख्य संपर्क म्हणून त्याचा पत्ता लागला. म्हणजे काही विचित्र सापडलंच, तर निरोप पहिल्यांदा त्याच्याकडे. रखवालदाराची शिट्टीच चोराच्या खिशात.

लासेचा विश्वास किती बसला होता हे एका गोष्टीवरून कळतं. २० मार्च २०२४ ला, म्हणजे प्रकरण फुटायच्या नऊ दिवस आधी, त्याने लिनक्स कर्नलमधल्या एक्सझेडच्या भागासाठी पॅच पाठवले, आणि त्यात देखरेख करणाऱ्यांच्या यादीत स्वतःबरोबर जिया टॅनचंही नाव घातलं.

दरवाजा कसा बसवला

इथे जरा थांबतो, कारण कारागिरी थक्क करणारी आहे.

ओपन सोर्सचा, म्हणजे कोणालाही बघता-वापरता येणारा, कोड दोन रूपांत मिळतो. एक गिटची रिपॉझिटरी, जिथे कोणती ओळ कोणी कधी बदलली ते दिसतं. दुसरा टारबॉल, म्हणजे नवी आवृत्ती काढताना मेंटेनर बांधून देतो ते गाठोडं. दोन्हींत एकच माल आहे असं सगळे गृहीत धरतात. तसं नसतं. टारबॉलमध्ये बिल्डसाठी, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बांधण्यासाठी, आपोआप तयार होणाऱ्या काही जादा फाइली असतात. लांबलचक, रुक्ष, कोणी न वाचणाऱ्या. जिया टॅनने त्यातल्याच एका मॅक्रो फाइलमध्ये मोजक्या ओळी बदलल्या. गिटमध्ये ही बदललेली फाइल नव्हतीच, फक्त गाठोड्यात होती. डेबियन, फेडोरासारखी वितरणं पॅकेज बांधतात ती बहुधा गाठोड्यावरून.

मूळ विष वेगळ्या ठिकाणी ठेवलेलं होतं. एक्सझेडसारख्या लायब्ररीच्या चाचण्यांसाठी मुद्दाम बिघडवलेल्या फाइली लागतात, नादुरुस्त फाइल समोर आली तर प्रोग्राम काय करतो हे बघायला. फेब्रुवारी २०२४ मध्ये चाचणीच्या म्हणून दोन नव्या फाइली रिपॉझिटरीत आल्या. एकीच्या नावातच ‘करप्ट’ होतं. बिघडलेली फाइल बिघडलेली दिसते यावर संशय कोण घेणार? गाठोड्यातल्या त्या ओळी बिल्डच्या वेळी या ‘बिघडलेल्या’ फाइलीतले बाइट ठरावीक तऱ्हेने अदलाबदल करून त्यातून एक स्क्रिप्ट उलगडत. ती स्क्रिप्ट आधी पाहणी करी: मशीन ६४ बिटी इंटेल-एएमडी पद्धतीचं आहे ना, लिनक्स आहे ना, बांधलं जातंय ते डेबियन किंवा आरपीएमचं पॅकेजच आहे ना. सगळं जुळलं तरच दुसऱ्या फाइलीतून तयार ऑब्जेक्ट कोड, म्हणजे आधीच कंपाइल केलेला तुकडा, काढून लायब्ररीत मिसळला जाई. कुतूहलापोटी घरी कोड कंपाइल करणाऱ्याला काहीच दिसलं नसतं.

आता प्रश्न असा, की फाइल लहान करणाऱ्या लायब्ररीतून सर्व्हरच्या लॉगिनपर्यंत कसं पोहोचायचं? ओपनएसएसएचला, म्हणजे सर्व्हरवर दुरून लॉगिन करू देणाऱ्या प्रोग्रामला, एक्सझेडशी काही देणं-घेणं नाही. पण डेबियन, फेडोरा आदी मंडळी आपल्या ओपनएसएसएचमध्ये स्वतःचा एक छोटा पॅच घालत, सेवा सुरू झाली की सिस्टमडीला, म्हणजे मशीनवरच्या सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थापकाला, ‘मी तयार आहे’ असा निरोप जावा म्हणून. निरोप एका ओळीचा, पण त्यासाठी सिस्टमडीची अख्खी लायब्ररी जोडली जाई, आणि तिच्याबरोबर, लॉग फाइली दाबण्याच्या वेगळ्याच कामासाठी, लिबएलझेडएमए. नवरदेवाबरोबर मामा येतो, मामाबरोबर त्याचा पार्टनर, आणि जेवायच्या पंगतीत कोणी विचारत नाही हा कोणाकडचा.

आत शिरल्यावर उपयोगी पडली आयफंक नावाची सोय. प्रोग्राम चढतानाच, प्रोसेसर बघून, एखाद्या फंक्शनची योग्य आवृत्ती निवडायची ही सोय एक्सझेडमध्ये २०२३ च्या जूनमध्ये आली, हान्स यानसन या नावाने आलेल्या पॅचमधून. पुढच्याच महिन्यात जिया टॅनने ओएसएस-फझच्या तपासणीत ती बंद ठेवायची विनंती केली आणि ती मान्यही झाली. या सोयीमुळे प्रोग्राम पुरता जागा होण्याआधीच आपला कोड चालवता येतो. चोरदरवाज्याने ते साधून आरएसए या किल्लीच्या पद्धतीची सही तपासणाऱ्या फंक्शनच्या जागी स्वतःचं फंक्शन बसवलं. मग लॉगिन करू पाहणाऱ्याने पाठवलेल्या किल्लीत हल्लेखोराच्या खासगी किल्लीने सही केलेला हुकूम दडलेला असेल, तर तो हुकूम ओळख पटण्याआधीच पूर्ण अधिकारांनिशी चालणार. ती खासगी किल्ली नसलेल्याला दरवाजा आहे हे बाहेरून कळायची सोय नव्हती.

५.६.० ही आवृत्ती २४ फेब्रुवारी २०२४ ला निघाली. व्हॅलग्रिंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाने लगेच कुरकुर सुरू केली. ९ मार्चला ५.६.१ निघाली, त्या चाचणी फाइली बदलून. कारण काय दिलं, तर आधीच्या फाइली आपल्या मशीनवर यादृच्छिक आकड्यांनी बनल्या होत्या, आता कोणालाही पुन्हा बनवता याव्यात म्हणून ठरावीक बीज, म्हणजे ते आकडे जिथून सुरू होतात तो आकडा, वापरलं. पारदर्शकतेसाठी बदल केला, असं चोर सांगत होता!

नंतर धावपळ दिसते. हान्स यानसन डेबियनला नवी आवृत्ती घ्यायला सांगतो, जिया टॅन फेडोराच्या लोकांमागे लागतो, उबुंटूलाही विनंती जाते. या घाईचं एक संभाव्य कारण असं, की २०२४ च्या सुरुवातीलाच सिस्टमडीच्या लोकांनी दाबण्याच्या लायब्रऱ्या गरज पडेल तेव्हाच चढवायचा बदल हाती घेतला होता. तो वितरणांत पोहोचला असता तर मामाचा पार्टनर लग्नाला आलाच नसता, आणि तीन वर्षांची मेहनत पाण्यात.

अर्धा सेकंद

आंद्रेस फ्रॉइंड पोस्टग्रेस डेटाबेसचा डेव्हलपर, मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला. डेबियनच्या अस्थिर शाखेवर तो पोस्टग्रेसच्या वेगाची बारीक मोजमापं घेत होता. अशा कामाला मशीन शांत लागतं. ते शांत होईना. एसएसएचच्या प्रक्रिया, तेही चुकीच्या नावाने येऊन लगेच नाकारले जाणारे लॉगिन, नको इतका प्रोसेसर खात होत्या. त्याने वेळ मोजली: आधी ०.२९९ सेकंद, आता ०.८०७. खोलात गेल्यावर वेळ लिबएलझेडएमएमध्ये जातोय असं दिसलं, आणि काही आठवड्यांपूर्वी पाहिलेली व्हॅलग्रिंडची ती विचित्र तक्रार त्याला आठवली. आधी त्याला वाटलं की डेबियनचंच पॅकेज बिघडवलं गेलंय. मग कळलं, गाठोडंच मुळात नासलेलं आहे. २९ मार्च २०२४, गुड फ्रायडेला त्याने हे जाहीर केलं.

गंभीरतेची दहापैकी दहा गुणांची नोंद झाली. नासलेली आवृत्ती डेबियनच्या चाचणी आणि अस्थिर शाखा, फेडोराची रॉहाइड आणि ४० ची चाचणी आवृत्ती, ओपनसुसे टम्बलवीड, काली लिनक्स इथपर्यंत पोहोचली होती. बँका, कंपन्या, सरकारी खाती ज्या स्थिर आवृत्त्या वापरतात तिथे ती पोहोचलेली नव्हती. उबुंटूने २४.०४ ची बीटा आठवडाभर पुढे ढकलून फेब्रुवारीच्या अखेरीपासून बांधलेली सगळी पॅकेजं नव्याने बांधली.

जिया टॅन कोण, हे आजही उघड झालेलं नाही. त्याच्या बदलांवरचे बहुतेक शिक्के चीनच्या वेळेचे, पण मध्येच काही पूर्व युरोपच्या वेळेचे आढळतात. एवढ्यावरून देश ठरवायला जाणं म्हणजे चपलांवरून पाहुणा ओळखणं.

लासेचं कुठे चुकलं?

प्रकरण अभ्यास म्हटलं की हा प्रश्न येतोच. मी घटनाक्रम दोनदा नीट लावून पाहिला. दोन वर्षं उत्तम काम केलेल्या मदतनिसाला अधिकार देणं ही चूक नाही, ओपन सोर्स असंच पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे. त्याने सगळ्या किल्ल्या दिल्याही नव्हत्या. मुख्य संकेतस्थळाचा ताबा शेवटपर्यंत फक्त त्याच्याकडे होता. टारबॉल आणि गिट जुळवून बघायला हवे होते हे खरं, पण ते त्याच्याइतकंच वितरणांचंही काम होतं. ओपनएसएसएचमध्ये आपला पॅच घालणाऱ्यांनी त्याबरोबर काय काय आत येतंय हे मोजलं नाही. पुढे ओपनएसएसएचने २०२४ मध्येच सिस्टमडीला निरोप द्यायची छोटी सोय स्वतःच्या कोडमध्ये घेतली, अख्खी लायब्ररी न जोडता. ते आधीही जमण्यासारखं होतं.

सगळ्यात सोपं उत्तर पैशाचं असतं: कंपन्यांनी मेंटेनरांना पैसे द्यावेत. द्यावेतच. आपल्याकडे झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओपन सोर्ससाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला, ही चांगली सुरुवात आहे. पण मला शंका आहे की पगार असता तर लासे जिया टॅनला ओळखू शकला असता. पगारी माणूसही थकतो. पगारी माणसालाही गोड बोलणारा, वेळेवर काम करणारा ज्युनिअर हवाहवासा वाटतो.

फरक कुठे पडतो याचं उदाहरण दोन-अडीच आठवड्यांतच मिळालं. १५ एप्रिल २०२४ ला ओपनजेएस फाउंडेशनने, म्हणजे जावास्क्रिप्टचे ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेने, जाहीर केलं, की त्यांच्याकडेही अशाच संशयास्पद मेल आल्या. अमुक प्रकल्पातल्या गंभीर त्रुटी दुरुस्त करा असा धोशा, तपशील मात्र काहीच नाही, आणि आम्हालाच मेंटेनर करा ही मागणी, आधीचं काम नसल्यासारखं असताना. कोणालाही अधिकार दिले गेले नाहीत. मुख्य फरक मला एवढाच दिसतो, की तिथे मेल अनेकांच्या परिषदेकडे गेल्या. चौघांना एकदम आलेली आगाऊ मेल चेष्टेचा विषय होते. तीच मेल रात्री अकराला एकट्याला आली, की ती खरी वाटायला लागते.

आणि ती खरी का वाटते? कारण खऱ्या मेलही तशाच असतात. जिगर कुमारला वेगळी भाषा शोधावी लागली नाही. फुकट घेणाऱ्यांची रोजची भाषा त्याने उचलली आणि तिच्यात मिसळून गेला, जसा बिघडलेल्या चाचणी फाइलींमध्ये तो कोड मिसळून गेला. मेंटेनरशी आपण सभ्यपणे बोलत असतो, तर तो आवाज उठून दिसला असता.

जिया टॅनने आणखी एक बारीक काम करून ठेवलं होतं. एक्सझेड प्रोग्रामला मर्यादेत बांधून ठेवणारी लँडलॉक नावाची सुरक्षा उपलब्ध आहे का हे बघणारा कोडचा तुकडा बिल्ड फाइलीत होता. त्यात एका ओळीच्या सुरुवातीला त्याने एक टिंब ठेवलं. टिंबामुळे तो तुकडा कधीच कंपाइल होत नसे, आणि बिल्ड समजून चाले की ही सोय इथे नाही. पडद्यावर ते टिंब धुळीच्या कणासारखं दिसतं. बातमी फुटल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३० मार्चला, लासेने ते काढलं आणि नोंदीत लिहिलं की ही तपासणी घातपाताने निकामी केलेली होती.

२९ मे ला ५.६.२ आली. चोरदरवाजा गेला, आयफंकही गेलं. आयफंकबद्दल बदलांच्या यादीत लासेने मुद्दाम स्पष्ट केलं आहे, की ते काढण्याचं कारण सुरक्षा नाही. त्याने मिळणारा वेग इतका नगण्य होता, की त्यासाठी एवढा गुंता बाळगण्यात अर्थ नव्हता.